लॅक्टोज न सोसणाऱ्यांसाठी सोया, शेंगदाणा, नाचणी, नारळ: प्रकल्प नोंदी (लातूर, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५)

४ ऑगस्ट २०२५

ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष काका आज बचत गटाच्या शेडवर येऊन गेले. ६ ऑक्टोबरला कोजागरी आहे. मंडळात दरवर्षी मसाला दूध होतं आणि दरवर्षी बरेच जण पेल्याला नुसते ओठ लावून तो बाजूला ठेवतात. कुणाच्या पोटात गुबारा धरतो, तर कुणाला रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. काका म्हणाले, "बाई, तुम्ही यातलं शिकलेल्या आहात. गटाकडे मोठा मिक्सर आहे, शेगडी आहे, हाताखाली बायका आहेत. यंदा सगळ्यांना पिता येईल असं काहीतरी बसवा. जमलं तर रोजच्या चहाचंही बघा."

मी परभणीला अन्नतंत्र शिकले, गेली काही वर्षं गटाच्या चटण्या-पापडांचं बघते. काम लगेच घेतलं, आणि ते केवळ कोजागरीसाठी नाही. दूध सोडलेल्या या मंडळींपैकी बहुतेकांनी त्याच्या जागी ताटात दुसरं काहीच आणलेलं नाही. साठी उलटलेल्या शाकाहारी बाईने दूध सोडलं की चांगलं प्रथिन गेलं, कॅल्शियम गेलं आणि बी-१२ मिळायची जवळजवळ एकुलती एक सोयही गेली. याची काळजी मला त्या एका रात्रीच्या पेल्यापेक्षा जास्त वाटते.

प्रत्येक पेयाला तीन प्रश्न विचारायचं ठरलं. पोटाला सोसतं का? चहात फाटतं का? दुधातलं काय देतं आणि काय देत नाही?

६ ऑगस्ट

पातेलं चढवायच्या आधी माणसांशी बोलले. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचं असंच आहे, म्हणजे हा रोग नाही. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं, पोट गुडगुडतं आणि जुलाब होतात. भारतात वायव्येकडे दूध पचवणारे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पचवणाऱ्यांतला जनुकीय बदल युरोपातल्यासारखाच आहे, हे संशोधकांनी दाखवून दिलंय.

प्रमाणाचा हिशेब मंडळींना कुणी सांगितलेलाच नव्हता. गाईच्या काय, म्हशीच्या काय, १०० मिलि दुधात जवळपास ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. कपभर चहात दूध पडतं ५०-६० मिलि, म्हणजे लॅक्टोज जेमतेम ३ ग्रॅम. मसाला दूध मात्र आटवलेलं, पेला मोठा आणि वेळ रात्रीची. त्यात लॅक्टोज सहज १२ च्या वर जातं. बासुंदी, पेढा, खव्याची बर्फी यांत ते आणखी दाटलेलं असतं. तेव्हा पाच-सहा जणांनी जो चहा सोडला आहे, तो त्यांचा दोषी नसण्याचीच शक्यता जास्त.

दही-ताक हाही विषय निघाला. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात आणि पोटात गेल्यावरही उरलेलं तोडायला मदत करतात. चक्का टांगला की निवळीबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. तुपात ते नावाला असतं. "म्हणजे माझं ताक चालू ठेवू?" असं एका आजींनी विचारलं. ताक पिऊन त्यांना कधीच काही झालेलं नाही, फक्त सुनेने 'दुधाचं सगळं बंद' म्हणून तेही बंद केलं होतं. चालू ठेवा म्हणाले.

दोघांना डॉक्टरांकडे पाठवलं. एका काकूंचा त्रास महिन्यापूर्वीच्या मोठ्या जुलाबानंतर सुरू झालाय. आतड्याचं अस्तर दुखावलं की लॅक्टेज काही काळ कमी होतं आणि नंतर भरूनही येतं. दुसऱ्या काकांना दूध, गहू, कांदा, डाळ सगळ्यानेच होतं आणि वजनही उतरलंय. ते नुसतं दुधावर ढकलून चालणार नाही. श्वासातला हायड्रोजन मोजून लॅक्टोजची तपासणी करता येते, ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सण पाहून नारळापासून सुरुवात केली. गटातल्या एका ताईंचं माहेर मालवणकडचं, त्यामुळे हात सराईत. खोवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिलं दाट दूध, चोथ्यात परत पाणी घालून दुसरं पातळ. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे शेवया याच रसात बुडवून खातात. गाईचं दूध हवंय कुणाला?"

चव उत्तमच. लॅक्टोज शून्य, पोटाला कुणालाच त्रास नाही. पण हे दूध म्हणजे मुख्यतः स्निग्धांश. प्रथिन नावापुरतं, कॅल्शियमही तसंच, आणि स्निग्धांश बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). खळखळून उकळलं की तेल सुटतं, म्हणून शेवटी घालायचं आणि वाफ आली की उतरवायचं. चहात नारळाचाच वास पुढे येतो. सणाला ठीक. रोजच्या दुधाच्या जागी नारळ ठेवणं मला मान्य नाही.

१४ ऑगस्ट

सोयाबीन. हे आमच्या दाराशी पिकणारं धान्य. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि आडतीवर तर त्याहून खालीच जातंय. किलोभर दाण्यांत सात ते आठ लिटर पेय निघतं, म्हणजे लिटरमागे दाण्याचा खर्च सात-आठ रुपयांच्या आत. लातूरच्या माणसाने सोयाचं दूध महागड्या खोक्यातून विकत घ्यावं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ते आपल्याकडे घरोघरी का रुजलं नाही, याचं कारण मिक्सरचं झाकण उघडताच नाकाला कळतं. कच्च्या शेंगेचा तो हिरवट वास. दाण्यात लिपॉक्सिजनेज नावाचं विकर असतं. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की ते दाण्यातल्या तेलावर काम सुरू करतं आणि क्षणात वास तयार होतो. एकदा झाला की वेलदोडा, जायफळ काही घाला, तो झाकत नाही. म्हणून तो होऊच द्यायचा नाही. विकर उष्णतेने मरतं, तेव्हा दाणा फुटण्याआधी तापलेला हवा आणि वाटतानाही उकळतं पाणी हवं.

आज बसवलेली रीत अशी. निवडलेलं सोयाबीन रात्रभर भिजत घातलं. सकाळी ते पाणी फेकून दिलं, दाणे चोळून सालं वर काढली. दुसऱ्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाणे पाच मिनिटं उकळले, तेही पाणी फेकलं. मग ताज्या उकळत्या पाण्याबरोबर वाटलं. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही आणि झाकणाची टोपी काढून वर फडकं धरायचं, नाहीतर वाफ झाकण उडवते. मलमलीतून पिळून घेतलं आणि पुन्हा उकळायला ठेवलं.

इथे एक गोष्ट गटातल्या सगळ्यांना उभं करून दाखवली. पातेलं ८०-८५ अंशांवर येतं न येतं तोच फेस भराभर वर चढतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आली उकळी. ती उकळी नव्हे. तो फेस सोयातल्या सॅपोनिनचा, म्हणजे साबणासारखा फेस धरणाऱ्या द्रव्याचा. तिथे गॅस बंद केला तर कच्चं पेय हातात येतं. सोयात प्रथिन पचू न देणारा ट्रिप्सिन रोधक असतो आणि तो मोडायला खरी उकळी लागते. पळीने फेस काढत राहायचं, आच कमी करायची, फेस बसल्यावर खालून बुडबुडे येऊ लागले की तिथून पंधरा-वीस मिनिटं मोजायची आणि तळ सतत ढवळायचा. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १४२ हे वाण काढलंय. त्यात यातला मुख्य रोधकही नाही आणि वासाला जबाबदार विकरांपैकी लिपॉक्सिजनेज-२ ही नाही. गटातल्या एका ताईंच्या शेतात पुढच्या खरिपाला ते लावून पाहायचं बोलणं झालंय.

आजचं पेय: वास जवळजवळ नाही, मागे किंचित तुरट. १०० मिलिला प्रथिन सव्वातीन ग्रॅमच्या आसपास बसायला हवं, म्हणजे गाईच्या दुधाच्या तोडीचं. कॅल्शियम मात्र सुमारे २५ मिलिग्रॅम, गाईच्या दुधात १२० च्या घरात. बी-१२ शून्य.

१९ ऑगस्ट

चहा. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आलं, पत्ती, साखर, पाणी आणि सोया एकत्र उकळलं, की फाटतं. पांढरे कण तरंगतात आणि खाली पिवळट पाणी राहतं.

कारणं एकाहून जास्त आहेत. सोयाचं प्रथिन साडेचार सामूच्या (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) आसपास साकळतं. चहाचा सामू पाचच्या पुढेमागे असतो आणि चहा तापलेला असला की साकळणं आधीच सुरू होतं. पत्तीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनाला धरतं. कच्च्या आल्यात प्रथिन तोडणारं विकर असतं. आणि आमचं बोअरचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनीच तर सोयाचं पनीर पाडतात! नुसतं पाणी बदलून फिल्टरचं घेतलं तरी निम्मा फरक पडला.

जमलेली पद्धत: फिल्टरच्या पाण्यात आलं आधी चांगलं उकळायचं, म्हणजे त्यातलं विकर मरतं. मग पत्ती टाकून लगेच झाकायचं, पत्ती उकळत ठेवायची नाही. गाळून मिनिटभर थांबायचं. सोया वेगळं गरम करून कपात आधी ओतायचं आणि वरून चहाची बारीक धार धरून ढवळायचं. गुळाचा चहा असेल तर गूळ अगदी शेवटी, तोही सगळ्या गुळांना जमत नाही. गवती चहाला काही अडचण आली नाही.

तरी ६ तारखेचा हिशेब आठवून सांगते: ज्यांना फक्त मोठ्या पेल्याचा त्रास आहे त्यांनी आपला दोन घोट दुधाचा चहा खुशाल प्यावा. एवढी यातायात थेंबही न सोसणाऱ्यांसाठी.

२५ ऑगस्ट

आजची नोंद महत्त्वाची आहे. आठवडाभर सोया प्यायला दिलेल्यांपैकी तिघांचा निरोप आला की पोट पुन्हा फुगतंय. एक आत्या तर वैतागूनच म्हणाल्या, "दूध सोडून हे धरलं, आणि पोट तेच म्हणतंय! मग काय उपयोग?"

उपयोग आहे, पण सगळ्यांना नाही. सोयात लॅक्टोज नसलं तरी रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडायचं विकर कोणाच्याच आतड्यात नसतं, तेव्हा त्याही मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात. वाल, हरभरा खाल्ल्यावर जे होतं त्याची जात हीच. ज्यांचं आतडं मुळात हळवं आहे त्यांना दूध काय आणि सोया काय, एकाच वाटेने त्रास देतं. या शर्करा पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेलं आणि उकळलेलं अशी दोन्ही पाणी फेकणं चवीइतकंच पोटासाठीही गरजेचं. त्यातला मोठा वाटा तरीही पेयात राहतोच. सोयाच्या पनीरमध्ये कमी उरतो, कारण निवळी निघून जाते.

या तिघांसाठी सोया बंद. त्यांना दुसरं शोधायचं.

दुसरी सूचना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लावली: थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि गोळी यांत किमान चार तासांचं अंतर ठेवावं. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि लगेच सोयाचा चहा, असं करू नये. मंडळातल्या कितीतरी बायका ही गोळी घेतात.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीत शेड बंद होती. घरी गव्हल्याची खीर अर्धं सोया आणि शेवटी दाट नारळाचं दूध घालून केली. बरी झाली.

८ सप्टेंबर

नाचणी. तिच्याकडून सगळ्यांना आशा, कारण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि बाळांना नाचणीचं सत्त्व देतात हे प्रत्येक आजीला ठाऊक. नाचणी भिजवून, वाटून, गाळून दुधासारखं पाणी निघतंही. गॅसवर ठेवलं की ६५-७० अंशांवर त्यातलं पिठूळ (स्टार्च) फुगतं आणि पातेल्यात चिकटवायची खळ तयार होते. याचा चहा कसा करणार?

उत्तर मोडांत आहे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून दोन दिवस ठेवली, बारीक पांढरे मोड आल्यावर पंख्याखाली वाळवली, चोळून मोड काढले आणि न भाजता दळली. भाजायचं नाही, कारण मोड येताना तयार झालेलं, पिठूळ तोडणारं अमायलेज हे विकर भाजल्यावर मरतं. मग साध्या नाचणीची दाट खळ शिजवली, हात सोसेल त्याहून थोडी जास्त गरम राहील इतकी निववली आणि लिटरभर खळीत दोन चमचे मोडाचं पीठ ढवळलं. सगळ्या जणी पातेल्याभोवती उभ्या होत्या. आधी पळी जड लागत होती. दोन मिनिटांत ती हलकी फिरायला लागली, मग पळीवरून धार पडू लागली, आणि दहा मिनिटांत पळी बुडवून काढली तर तिच्यावर फिकट तपकिरी पातळ थर तेवढा उरला. वरून साखरेचा कण न घालता पेय गोडसर झालं, कारण पिठुळाची माल्टोज ही साखर झाली. शेवटी एकदा उकळून घेतलं, म्हणजे विकर थांबलं आणि पातळपणा तसाच राहिला.

बाजारातल्या ओट दुधामागे हेच तत्त्व आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले रिकार्ड ओस्ते लॅक्टोज न पचण्यावर काम करत होते, त्यातून १९९० च्या दशकात विकरं वापरून ओटचं पेय करायची पद्धत निघाली. आमच्या नाचणीत ते विकर मोडाबरोबर फुकट मिळतं.

गाळण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालीच्या भागात असतं. सत्त्व जितकं पांढरंशुभ्र, तितकं ते चोथ्याबरोबर बाहेर गेलेलं. शिवाय धान्यातल्या, कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या फायटेटमुळे असलेलंही सगळं अंगी लागत नाही. म्हणून गाळण भरड ठेवली, आणि माझं मत असं झालंय की नाचणी चहात घालण्यापेक्षा तिची आंबील आणि भाकरीच खावी. मधुमेहींनी तयार होणाऱ्या माल्टोजचा हिशेब ठेवावा.

१५ सप्टेंबर

शेंगदाणा. दाणे हलके भाजून सालं पाखडली, भिजवले, वाटले, गाळले. कुजका, सुरकुतलेला, बुरशीची काळपट छटा असलेला एकही दाणा जाऊ द्यायचा नाही, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका खरा आहे. निवडायला दोन जणी बसवल्या आणि किलोमागे मूठभर दाणे फेकून दिले.

सोया न सोसणाऱ्या तिघांनाही हे सोसलं. प्रथिन सोयापेक्षा कमी पण नारळाहून बरंच जास्त. स्निग्धांश वर तरंगतो, बाटली हलवावी लागते. चहात दाण्याचा वास येतो, पण तो आपल्या तोंडाला परका नाही. सोयाला नाकं मुरडणाऱ्या काकांनी हा चहा मागून घेतला. या धान्यावर आपल्या देशात आधीही काम झालंय. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने शेंगदाण्याचं प्रथिन दुधात मिसळून 'मिल्टोन' तयार केलं होतं. दूध कमी पडत होतं तेव्हा ते वाढवायची ती युक्ती. त्यात अर्थात खरं दूधही असल्यामुळे लॅक्टोज न सोसणाऱ्यांसाठी ते नव्हतं.

तीळही करून पाहिले. कडू. असोलीच्या तिळात कॅल्शियम भरपूर, पण ते बरंचसं सालीत ऑक्झलेटशी बांधलेलं, गाळल्यावर हाती काही लागत नाही. तीळ चटणीतच चांगले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

दोन गोष्टी आजच जुळून आल्या. आजपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. वनस्पतिजन्य दूध-पेयांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आणि सोया पेयावरचा १२ वरून ५ वर आला. विकत घेणाऱ्या शहरी माणसाला दिलासा, तरी लातूरच्या पेन्शनरला ते खोकं महागच.

आणि नवरात्राचे उपवास सुरू झाले. उपवासाला सोया चालत नाही, शेंगदाणा आणि नारळ चालतात. नऊ दिवस उपास करणाऱ्या आजींना दाण्याचं दूध, राजगिरा आणि चिमूटभर वेलदोडा अशी खीर सांगितली. ताक चालणाऱ्यांना ताक.

लेबलाची चौकशीही केली. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार सोया-बदामाच्या पेयाच्या बाटलीवर 'दूध' छापता येत नाही. विक्री सुरू केली तर आमच्या बाटलीवर 'सोया पेय' लिहू आणि खाली 'सोया' व 'शेंगदाणा' ठळक, कारण यांचीही ॲलर्जी असणारे लोक असतात. लॅक्टोज न पचणं आणि दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी यांत गल्लत होते, तीही लोकांना समजावत राहायला हवी. ॲलर्जी असणाऱ्याला दह्याचा चमचाही चालत नाही.

२९ सप्टेंबर

पावसाने थैमान घातलंय. जिल्ह्यात, शेजारच्या धाराशिव-बीडमध्ये उभं सोयाबीन पाण्यात आहे. गटातल्या दोघींची शेतं गेली. शेंगेतच दाण्याला कोंब फुटलेत. असा दाणा आमच्या कामाचा नाही, वास आणि कडवटपणा दोन्ही वाढतात. गेल्या वर्षीचा साठा आहे, कोजागरी त्यावर होईल. गटाच्या शिलकीतून त्या दोघींना आधी उचल द्यायचं ठरलं, प्रकल्पाचा खर्च मागे.

३ ऑक्टोबर

मसाला पेयाची पाककृती पक्की करायला बसलो. सोया आटवून काही साधत नाही. दूध आटताना जो खमंग रंग आणि वास येतो त्यात लॅक्टोज आणि दुधाच्या प्रथिनाचा हात असतो. इथे लॅक्टोजच नाही. सोया आटवलं की वर पापुद्रा धरतो आणि तळ करपतो. तेव्हा दाटपणा दुसरीकडून आणायचा: टरबुजाच्या बियांचा मगज आणि काजू, भिजवून गंधासारखे वाटून. दुधाची स्वतःची गोडीही नसल्याने पेय सपक लागतं, म्हणून साखर थोडी जास्त आणि दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ. मिठाने तुरटपणा दबला, हे सगळ्यांनी वेगवेगळं चाखून सांगितलं.

पहिलं पातेलं: सोया ८ लिटर, मगज-काजू मिळून अर्धा किलो, उतरवल्यावर दाट नारळाचं दूध १ लिटर, साखर, वेलदोडा, जायफळ, केशर, चारोळी. दुसरं पातेलं सोया न सोसणाऱ्यांसाठी: शेंगदाणा आणि नारळ, मसाला तोच. तिसरं छोटं पातेलं लॅक्टेज घालून लॅक्टोज तोडलेल्या खऱ्या दुधाचं, असं दूध मोठ्या दुकानांत खोक्यात मिळतं. तोडलेल्या साखरा जास्त गोड लागतात, त्यात साखर निम्मी पुरते. पोषणाचा विचार केला तर ज्याला परवडतं त्याच्यासाठी हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. कॅल्शियम, बी-१२ जागच्या जागी राहतं.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी झाली. ढग होते, चंद्र मधूनमधून दिसला. प्रत्येक पातेल्यासमोर त्यात काय आहे याची पाटी आणि वाढायला वेगळी पळी. शेंगदाण्याचं पातेलं सगळ्यांत आधी संपलं, सोयाचं थोडं उरलं. ते रात्रीच फ्रिजमध्ये टाकलं, आज सकाळी वाटून संपवलं. आज फोन करून प्रत्येकाला विचारलं. सोयाचे दोन पेले घेतलेल्या एका काकूंचं पोट जड होतं, बाकी कुणाची तक्रार नाही. ऑगस्टमध्ये वैतागलेल्या आत्यांनी दाण्याचं दोनदा घेतलं आणि आज त्या पाककृती लिहून घ्यायला येणार आहेत.

१२ ऑक्टोबर

पुढचं ठरवायला बैठक झाली. रोजच्यासाठी गट सोया आणि शेंगदाणा एवढी दोनच पेयं करणार. आपल्याकडे कारखान्यासारखं निर्जंतुकीकरण नाही, तेव्हा जास्तीत जास्त दोन दिवस आणि तेही फ्रिजमध्ये. उरलेला चोथा त्याच दिवशी थालीपिठात.

फळ्यावर लावायचा मजकूर असा ठरला: "या पेयांत लॅक्टोज नाही. सोयात प्रथिन दुधाइतकं आहे, शेंगदाण्यात कमी. कॅल्शियम दोन्हींत कमी, बी-१२ अजिबात नाही. प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. सोसत असेल तर दही-ताक सोडू नका. नाचणीची भाकरी, राजगिरा, पालेभाजी रोज ठेवा. दूध-दही दोन्ही बंद असणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्या आणि गोळीचं डॉक्टरांना विचारा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही दुधाच्या जागी देऊ नका." शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. एक आजोबा नातवासाठी बाटली मागायला आले होते.

वाटप मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते आठ, शेडवरून. बरणी ज्याची त्याने उकळत्या पाण्याने धुऊन आणायची. दर ठरवताना दाणे, गॅस आणि दोघींची मजुरी धरली आहे. ज्यांची शेतं गेली त्या दोघींनाच हे काम पहिल्या हंगामात द्यायचं.